निळ्या नळीचा स्टेथोस्कोप

प्रिय बाबा,

आज सकाळी झूच्या चौकशी समितीचा कागद लॅबमध्ये माझ्या टेबलावर आला, म्हणून लिहिते आहे. एरवी लिहिलं नसतं. आई तुमच्या फोटोशी रोज बोलते, मला ते जमत नाही. मला आधी काय झालं ते क्रमाने मांडावं लागतं.

१. मार्चमधल्या एका रविवारी तुम्ही द्वारकेहून मानेसरला माझ्या भाड्याच्या घरी आलात. माझ्याकडे चार दिवसांपासून एक मांजराचं पिल्लू होतं. ते उलट्या करत होतं. तुम्ही ते तपासलंत.

२. तपासायला तुम्ही मी दिलेला निळ्या नळीचा स्टेथोस्कोप वापरलात. नंतर मी तो स्पिरिटने पुसून तुमच्या बॅगेत ठेवला.

३. निघताना तुम्ही म्हणालात, "ह्याची टेस्ट कर. काहीही निघालं तरी मला लगेच कळव." मी पिल्लाचा नमुना घेतला आणि लॅबच्या फ्रीझरमध्ये ठेवला. टेस्ट केली नाही.

४. सोमवारी तुम्ही तो स्टेथोस्कोप कामावर, झूमध्ये नेलात. बिबट्याच्या तीन बछड्यांना तपासलंत.

५. मंगळवारी माझं पिल्लू मेलं. संध्याकाळी तुमचा फोन आला. मी सांगितलं, "ऑफिसमधल्या एकीला दिलं. मस्त आहे आता."

६. पुढच्या सोमवारी एका बछड्याने दूध सोडलं. त्या आठवड्यात दोन बछडे गेले, नंतर शेजारच्या पिंजऱ्यातली दोन रानमांजरं. एक बछडी वाचली.

७. नमुने आमच्याच लॅबमध्ये आले. पॅनल्यूकोपेनिया निघाला. मांजराच्या जातीतल्या प्राण्यांचा विषाणू, रक्तातल्या पांढऱ्या पेशी संपवून टाकतो.

८. त्यानंतर तीन आठवड्यांनी झूच्या दवाखान्याच्या पायऱ्यांवर तुम्हाला हार्ट अटॅक आला. तुमच्याजवळ तुमची सहकारी डॉ. गुरलीन होती. मी नव्हते.

एवढंच झालं. आता बाकीचं.

ती मांजर मी का आणली, बाबा? मला मांजरं आवडत नाहीत, हे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही आत आल्या आल्या हसून म्हणालात, "तू आणि मांजर? ताप आलाय का?" मी म्हटलं, पार्किंगमध्ये ओरडत होतं, दया आली. खोटं होतं ते. मला तुम्ही यायला हवे होतात. पाच महिने तुम्ही मानेसरला फिरकला नव्हता. माझ्या घरी कुणी आजारी असल्याशिवाय तुम्ही येणार नाही, आणि ते कुणी चार पायांचं असलं तर जास्त बरं, एवढा हिशोब मला कळत होता.

आणि आलात की तुम्ही! माझ्या एका मेसेजवर, रविवारी, मेट्रो आणि शेअर ऑटो करून.

हा हिशोब जुनाच होता. सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हा शुक्रवारी झू बंद असायचं आणि त्या दिवशी वाघ-सिंहांना मांस द्यायचं नाही अशी पद्धत होती. आठवड्यातून एक दिवस पोट रिकामं ठेवायचं. त्या दिवशी तुम्ही चार वाजता घरी यायचात. आई थालीपीठ लावायची, तुम्ही माझ्या वह्या बघायचात. वाघांचा उपास म्हणजे माझा सण! सहा वर्षांची असताना मी तुम्हाला विचारलं होतं, "वाघीण मेली तर तुम्ही रोज लवकर याल?" तुम्ही ते पुढे वीस वर्षं पाहुण्यांना हसत हसत सांगितलंत. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नव्हतं. मी खरंच विचारत होते.

वाघिणीचं मी समजून घेतलं. ती बोलत नव्हती. गुरलीन बोलते.

ती तुमच्या हाताखाली आली तेव्हा मी नुकती मानेसरच्या लॅबमध्ये लागले होते. तुम्ही घरी सांगितलंत, "फरीदाबादची एक मुलगी आली आहे, हात फार हलका आहे तिचा." माझ्या हाताबद्दल तुम्ही कधी काही म्हणालात का? मी दिवसभर केसाच्या टोकाएवढे थेंब मोजून टाकते. माझा हात चुकला तर अख्खी तपासणी चुकते.

तुम्ही तिला मराठी शिकवलंत. का? झूमध्ये मराठीचं काय काम? ती आपल्या घरी आली की आईला म्हणायची, "काकू, भूक लागली." आई विरघळायची. तुम्ही तिला गाढव म्हणायचात. "अरे गाढवा, सुई अशी धरतात का?" मला तुम्ही कधी गाढव म्हटलं नाहीत. मला नेहमी नीट, पूर्ण, 'केतकी'. शिवी न मिळाल्याचा मत्सर वाटणारी मी एकटीच असेन, पण वाटायचा. त्या शिवीत जे होतं ते माझ्या नावात नव्हतं.

मग ते तीन बछडे आले. अरवलीतल्या एका बंद पडलेल्या खाणीत सापडले, आई नसलेले. गुरलीनने त्यांची नावं ठेवली लड्डू, पेढा आणि बर्फी. तुम्ही दोघांनी त्यांना बाटलीने दूध पाजलं. तुमचा फोन आला की आधी त्यांची वजनं. "बर्फी साठ ग्रॅमने वाढली गं!" माझं प्रमोशन झालं हे मी तुम्हाला त्याच फोनवर सांगितलं होतं. तुम्ही "वा, वा" म्हणालात आणि पेढ्याच्या जुलाबांकडे वळलात.

त्या बछड्यांसाठी तुमचा एक नियम होता. त्यांच्या लशी पूर्ण होईपर्यंत दोघांनीही बाहेरच्या मांजराला हात लावायचा नाही. तो नियम पाळायला गुरलीनने स्वतःची पाळलेली मांजर भावाकडे नेऊन ठेवली. ती रडली होती म्हणे. तुम्हीच कौतुकाने सांगितलंत.

आणि तुम्ही तो माझ्यासाठी मोडलात.

हे मला फार उशिरा लक्षात आलं, तुम्ही गेल्यावर. लक्षात आलं तेव्हा सगळ्यात आधी मला काय वाटलं सांगू? आनंद झाला. दोन बछडे आणि दोन रानमांजरं मेलेली आहेत, तुम्हीही गेलात, आणि मला आनंद होतोय की तिच्यासाठी पाळलेला नियम तुम्ही माझ्यासाठी मोडलात. हे मी आईला सांगू शकत नाही. तुम्हाला सांगते.

तुम्ही त्या दिवशी काळजी घेतली नाही असं मी कुणाला म्हणू देणार नाही. बूट तुम्ही बाल्कनीत काढलेत. माझा जुना कुर्ता अंगावर चढवलात, तो दंडात इतका घट्ट की तुमचा हात वर होईना. तपासून झाल्यावर कोपरापर्यंत हात धुतलेत, अंघोळ केलीत. परत जाताना बूट घातलेच नाहीत. माझ्या गुलाबी चपला घालून निघालात, टाचा मागे दोन बोटं बाहेर. मी म्हटलं, "बाबा, मेट्रोत लोक हसतील." तुम्ही म्हणालात, "हसू देत. पोरीच्या चपला आहेत म्हणून सांगेन." बूट अजून माझ्या बाल्कनीत आहेत. मी त्यांच्यावर ब्लीच ओतलं आहे, फेकलेले नाहीत.

राहिला फक्त स्टेथोस्कोप.

नोकरी लागल्यावर मी तुम्हाला तो दिला होता. दोन वर्षं तो तुमच्या बॅगेच्या मागच्या कप्प्यात खोक्यात पडून होता. तुम्ही ती जुनी, काळी, चिकटपट्टी लावलेली नळीच गळ्यात घालायचात. मी एकदा बोलले तर म्हणालात, "सवय झाली आहे गं कानांना." त्या रविवारी तुम्ही मुद्दाम जुना घरी ठेवून आला होतात, झूतली कुठलीही वस्तू माझ्या मांजरापाशी न्यायची नाही म्हणून. म्हणजे नियम मोडतानाही तुम्ही नियमातच होतात. मग तो निळा खोक्यातून निघाला. पिल्लाच्या छातीला लावलात आणि तुमच्या भुवया वर गेल्या.

"अगं, काय छान ऐकू येतं ह्यातून! मी मूर्खासारखा दोन वर्षं ठेवून दिला."

"मग वापरा ना."

"वापरतो. उद्यापासून हाच."

तेवढ्यात तुमचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. आणखी कोण असणार?

"सर! बर्फी ने बाटली का निप्पल चबा डाला!"

"अरे गाढवा, मग दुसरा लाव ना! दूसरा ड्रॉवर देख, नीचे वाला."

"वो भी चबा डाला, सर."

तुम्ही खो खो हसलात. मग फोन माझ्याकडे वळवलात. "ए केतकी, हाय म्हण." माझ्या एका हातात पोह्यांची बशी होती, दुसऱ्या हातात तुमचा स्टेथोस्कोप. मी हाय म्हटलं आणि स्वयंपाकघरात गेले. तुमचं हसणं आतपर्यंत येत होतं. ओट्यावर स्पिरिटची बाटली होती, मी नळी पुसली, छातीला लावायची चकती पुसली, स्टेथोस्कोप बॅगेत ठेवला.

फोन ठेवल्यावर तुम्ही विचारलंत, "स्टेथो नीट पुसलास ना?"

"हो."

कशाने ते तुम्ही विचारलं नाहीत. तुमच्या दवाखान्यात अशा वेळी ब्लीचशिवाय दुसरं काही वापरत नाहीत, आणि माझी ब्लीचची बाटली तुम्ही मघाशीच न्हाणीघरात बघितली होती. माझा हात मात्र पुसायचं म्हटलं की स्पिरिटकडेच जातो, दिवसातून पन्नास वेळा. आणि हा विषाणू स्पिरिटने मरत नाही. त्याच्यावर चरबीचं आवरण नसतं, स्पिरिट विरघळवणार काय? हे मला पहिल्या वर्षापासून पाठ आहे. नवीन आलेल्यांना मीच शिकवते. त्या मिनिटाला मी विषाणूचा विचार करत नव्हते. तुम्ही तिच्याशी किती मोठ्याने हसता, ह्याचा करत होते.

ही चूक होती. मंगळवारी जे केलं ती चूक नव्हती.

मंगळवारी पिल्लू माझ्या मांडीवर मेलं. तुम्ही फोनवर विचारलंत, "काय म्हणतंय पिल्लू?" मी खरं सांगितलं असतं तर तुम्ही त्याच संध्याकाळी बछड्यांचे पिंजरे वेगळे केले असतेत, स्टेथोस्कोप बाजूला काढला असतात, सगळं ब्लीचने धुतलं असतंत. कदाचित तरीही उशीर झाला असता. पण मी हे काही मोजलं नाही. माझ्या डोक्यात एकच होतं: तिने तीन जगवले आणि माझं एक मेलं. हे मला तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं. म्हणून "मस्त आहे आता."

लड्डूचा नमुना लॅबमध्ये आला तेव्हा त्यावर नाव नव्हतं, क्रमांक होता. पण अक्षर तुमचं होतं, सातावर आडवी रेघ मारलेलं.

दोन बछडे गेल्यावर मी द्वारकेला आले. तुम्ही बशीत चहा ओतत होतात. चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणालात, "केतकी, ते पिल्लू बरं आहे ना?"

"हो. मजेत आहे."

तुम्ही बशी खाली ठेवलीत. मग म्हणालात, "बरं झालं." चहा प्यायलात.

त्या वेळी तुम्हाला माहीत होतं, बाबा! मला विचारायचं होतंत ना! ओरडायचं होतंत, बशी आपटायची होतीत. तिची सुई वाकडी झाली तर अख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल असं ओरडायचात. मी एवढं केलं आणि मला "बरं झालं"? माझ्यावर ओरडण्याइतकीही मी तुमची नव्हते का?

तुम्हाला माहीत होतं हे मला तुमच्या बाराव्यानंतर कळलं. गुरलीन तुमच्या कपाटातल्या वस्तू घेऊन घरी आली होती. चष्मा, डबा, दोन पेनं, आणि एका सीलबंद प्लास्टिकच्या पिशवीत निळ्या नळीचा स्टेथोस्कोप. पिशवीवर तुमच्या अक्षरात: वापरू नये.

एवढंच. कारण नाही, माझं नाव नाही.

ती सोफ्याच्या कडेवर बसली होती. डोळे सुजलेले. म्हणाली, "केतकीताई, सर ने उस दिन सीढ़ी पर आपके लिए कुछ कहा था।"

"बाद में, प्लीज़."

"दो ही मिनट की बात है, ताई."

"मैंने कहा ना, बाद में."

आई म्हणाली, "अगं, ऐकून तरी घे! ती किती लांबून आली आहे."

"आई, तू चहा ठेव."

तिने पाणीही न पिता बॅग उचलली. मला माहीत होतं मी काय करते आहे. तुमचे शेवटचे शब्द तिच्याकडे होते, आणि तिच्याकडून मला ते घ्यायचे नव्हते. तुम्ही ते तिच्याकडे का ठेवलेत? मी फोनवर नव्हते का? मी त्या वेळी लंच करत होते, फोन टेबलावर होता, उताणा. तो वाजला नाही.

दुसऱ्या दिवशी मी फ्रीझरमधून मांजराचा नमुना काढला आणि टेस्ट केली. पॅनल्यूकोपेनिया. मग लड्डूच्या विषाणूशी त्याच्या जनुकाचा एक तुकडा अक्षर अक्षर ताडून पाहिला. फरक नाही. हा पुरावा पूर्ण नाही, हेही मला माहीत आहे. हा विषाणू फार बदलत नाही, झूच्या कुंपणातून भटकी मांजरं येतात, त्यांच्यातही हाच असू शकतो. "माझ्यामुळेच झालं" असं मी शपथेवर म्हणू शकत नाही. "माझ्यामुळे झालेलं नाही" असं तर मुळीच म्हणू शकत नाही.

आता आजचा कागद.

समितीने गुरलीनकडून खुलासा मागितला होता. तिने तो दिला आहे आणि लॅबचं मत हवं म्हणून तो माझ्याकडे आला आहे. तिने लिहिलं आहे की बछड्यांच्या खोलीच्या दारात बूट बुडवायच्या ट्रेमधलं ब्लीचचं पाणी तिने दोन दिवस बदललं नव्हतं, संसर्ग तिथून आत गेला असणार, जबाबदारी संपूर्ण तिची, "डॉक्टर साहेबांचा यात काही दोष नाही." हे मान्य झालं तर तिची नोकरी जाईल. तिला कुठल्याही झूमध्ये पुन्हा घेणार नाहीत.

बाबा, ती खोटं लिहिते आहे. त्याच कागदांना ट्रेच्या रजिस्टरची प्रत जोडलेली आहे. रोज दोनदा पाणी बदलल्याची तिची सही आहे, उन्हात ब्लीचचा जोर कमी होतो म्हणून. प्रत्येक सहीपुढे तो जोर मोजणाऱ्या रंगपट्टीचा तुकडा चिकटवलेला आहे. असं काम मीही करत नाही. समितीतल्या कुणी रजिस्टर उघडून बघितलं नाही. मी बघितलं. दोनदा, कुठे चुकली आहे का ते शोधायला.

नाही चुकली.

मग ती हे का लिहिते आहे? म्हणजे तुम्ही तिला स्टेथोस्कोपचं सांगितलंत. माझं सांगितलंत. ती तुम्हाला वाचवते आहे, किंवा मला. तुमच्यासाठी खोटं बोलायचा मानसुद्धा तिनेच घेतला! इथेही ती माझ्या आधी पोचली.

दुपारभर मी तो कागद समोर ठेवून बसले. फक्त 'खुलासा तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे' असं एक वाक्य लिहायचं होतं. ते खरंही ठरलं असतं. ट्रेमधलं पाणी शिळं असेल तर विषाणू आत जाऊ शकतो. मी सही केली असती, ती गेली असती, आणि तुमची मुलगी म्हणून मी एकटी उरले असते.

मी ते वाक्य लिहिलं. मग ते पान फाडलं. फार मोठं मन आहे म्हणून नाही. तुम्ही सातावर आडवी रेघ का मारायचात ते आठवलं. मी शाळेत विचारलं होतं तेव्हा म्हणाला होतात, "कुणी चुकून एक वाचू नये म्हणून." एवढी काळजी तुम्ही एका आकड्याची घ्यायचात. तुमच्या नावावर मी खोटं मत कसं चालवू?

बर्फी वाचली आहे. मी तिला बघायला गेलेले नाही. गुरलीन आईला व्हिडिओ पाठवते, आई मला दाखवते, मी मान वळवते. आईने सांगितलं, ती आता मोठ्या पिंजऱ्यात आहे आणि तुमचा जुना काळ्या नळीचा स्टेथोस्कोप दिसला की दाराशी येते. तो गुरलीनच्या गळ्यात असतो. तो मला हवा होता, बाबा. मागितला असता तर तिने लगेच दिला असता. म्हणूनच मागितला नाही.

शुक्रवारी अकरा वाजता समिती बसते आहे. मी तिथे जाणार. पिल्लाचा रिपोर्ट, ताडलेला तुकडा, सीलबंद पिशवी आणि वर लिहिलेले आठ मुद्दे मी समितीपुढे ठेवीन. पाचवा मुद्दा मी स्वतः मोठ्याने वाचीन. पुरावा पूर्ण नाही हे सांगीन, पण त्याच्याआड लपणार नाही. नियम तुम्ही मोडलात हेही सांगीन, आणि कुणासाठी मोडलात तेही. रजिस्टर उघडून त्यांच्यासमोर ठेवीन. तिचा खुलासा रद्द होईपर्यंत मी खोलीतून उठणार नाही. हे वचन मी तुम्हाला देते. तिला नाही.

तुमची,
केतकी

ता. क. डॉ. गुरलीन, ह्या पत्राची प्रत तुम्हाला पाठवते आहे. तुम्हाला मराठी वाचता येतं. बाबांनी शिकवलं म्हणून मला राग होता, आज त्याचा उपयोग आहे. पायऱ्यांवर ते माझ्याबद्दल जे म्हणाले ते जसंच्या तसं, त्यांच्याच शब्दांत, लिहून पाठवा. ते चांगलं नसलं तरी बदलू नका. मी शुक्रवारी काय करणार, ते त्यावर अवलंबून नाही. उत्तर गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत हवं आहे.